परण्याच्या गाडीचं छप्पर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, त्या छपराला जे झालं ते दुर्लक्षामुळं झालेलं नाही. दुर्लक्ष झालं असतं तर ते ऐन वेळी ठणठणीत चाललं असतं, असं बाबामियाँ म्हणतात. त्यांच्या या म्हणण्याला मी आता उत्तर देत नाही.

मी आण्णासाहेब. एका सरकारी खात्यात हातपंपांच्या देखभाल-दुरुस्तीच्या टेबलावर मी एकतीस वर्षं काढली. खात्याचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं अजून मला रस्त्यात नमस्कार करतात आणि तो चालू राहावा अशी माझी इच्छा आहे. पंप का बिघडतो, बिघडू नये म्हणून काय करावं आणि बिघडलाच तर कुणाच्या नावानं पत्र काढावं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. माझी बायको कमल हिचं म्हणणं असं की, एकतीस वर्षांत तुमच्या एकाही पंपाला पाणी आलेलं मी बघितलं नाही. हे साफ खोटं आहे. बेंबळीला आमच्या घरामागच्या पंपाला दोन वर्षं चांगलं पाणी होतं, फक्त ते जरा लाल यायचं.

तर आमच्या आरोहीचं लग्न ठरलं. मुलगा मुरुमचा, कृष्णराज नावाचा, शांत आणि जरासा भित्रा, म्हणजे जावई म्हणून उत्तम. आम्ही राहतो धाराशिवला, पण लग्न गावी बेंबळीलाच करायचं असं ठरलं. याद्या झाल्या, साड्या झाल्या, आचारी ठरला, आणि मग एक दिवस जेवताना आरोही म्हणाली, "पप्पा, परण्या माझा निघणार."

आमच्याकडं लग्नाच्या दिवशी नवरदेव वाजतगाजत गावातल्या मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, मागं वऱ्हाड. नवरी त्या वेळी आतल्या खोलीत पंख्याखाली बसून आपला नंबर कधी येतोय याची वाट बघत असते. हा क्रम कुणी लावला ते मला माहीत नाही. पण तो चालत आलेला आहे, आणि चालत आलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही हे माझं नोकरीतलं तत्त्व होतं.

"घोड्यावर बसणार तू?" मी विचारलं.

"घोडा नको. घोड्यावरून तुम्ही मला एकदा उतरवलंय."

माझा घास हातातच राहिला. ती आठवीत असताना चुलतभावाच्या परण्यात त्याच्या घोड्यावर चढून बसली होती. लोक हसायला लागले, म्हणून मी पुढं झालो आणि बखोटीला धरून तिला खाली घेतली. पोरी बसत नसतात, म्हणालो. मी ते पार विसरून गेलो होतो. पोरगी विसरली नव्हती, आणि इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलून दाखवलं नव्हतं, हे मला जास्त लागलं.

"मग उघड्या गाडीतून निघू दे तुझा परण्या," मी म्हणालो. "वर छप्पर नसलेल्या. अख्ख्या बेंबळीनं बघितलं पाहिजे. हा माझा शब्द आहे."

माझा शब्द आणि माझे पंप कमल एकाच पिशवीत ठेवते.

मुरुमला फोन लावला. तिकडून काही तरी कुरकुर होईल, मग आपल्याला माघार घ्यायला सन्मानाची वाट मिळेल, असं मनात कुठं तरी होतं. पण विहीणबाई रुद्रम्मा म्हणाल्या, "निघू द्या की हो. आमचं पोरगं घोड्याला भितंयच. ते बसंल मांडवात."

आता गाडी. कमलचा भाऊ बजरंग मांडव-डेकोरेशनचा धंदा करतो. त्यानं पुण्याहून एक जुनी विलायती लाल गाडी आणलेली होती, खास लग्नांसाठी. छप्पर कापडी. एक बटण दाबलं की मागची डिकी उघडायची, छप्पर काचेपासून सुटून उभं राहायचं आणि घडी होऊन डिकीत जाऊन बसायचं. "दाजी," बजरंग म्हणाला, "लगीन होईस्तोवर गाडी तुमच्याच दारात ठेवतो. माझ्याकडं ठिवली तर गडी बटण दाबून दाबून वाटोळं करतील. तुमच्याकडं कशी, देखभाल होईल."

हे वाक्य त्यानं पुढं अनेक महिने स्वतःशीच म्हटलेलं मी ऐकलं आहे.

देखभाल म्हटल्यावर मी पहिल्यांदा बाबामियाँना बोलावलं. बाबामियाँ ढोकीचे. उसाच्या ट्रॉल्या उचलणारे जॅक दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आमची ओळख चाळीस वर्षांची, आणि ती टिकली याचं कारण माझ्या खात्यातला एकही पंप मी त्यांना कधी दाखवला नाही. ते आले, डिकी उघडून आत वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"चीज चांगली आहे, आण्णा," ते म्हणाले. "बिजलीची मोटर पंप फिरवती, पंप तेल ढकलतो, दोन्ही बाजूंचे जॅक छप्पर उचलतात. आपल्या ट्रॉलीचंच खानदान. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. तेल खुणेपर्यंत आहे, त्याला हात लावू नका. दोन दिवसांआड गाडी चालू ठेवून छप्पर पुरतं उघडायचं, पुरतं लावायचं, मधी थांबायचं न्हाय. आन् तिसरी म्हणजे, तुम्हाला याच्यापरीस जादा काही करावं वाटलं, तर मला फोन करा. म्या सांगतो, करू नका म्हणून."

जाता जाता त्यांनी पंपाच्या बुडाचा एक पेच दाखवला. कधी छप्पर अडकलंच, तर हा पेच अर्धा फेरा ढिला करायचा. दाब उतरतो. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून हातानं घडी घालायची. एवढं सांगून चहा पिऊन ते गेले.

तुम्हीच सांगा, एवढ्या गाडीची देखभाल तीन वाक्यांत होते का? आमच्या खात्यात साध्या हातपंपाच्या दांड्याला ग्रीस लावायचं परिपत्रक चार पानी होतं. माझ्या मनाला ते पटेना. मी बाजारातून एक जाडजूड रजिस्टर आणलं, उभ्या रेघा मारल्या आणि रकाने पाडले: दिनांक, वेळ, छपराची स्थिती, तेलाची स्थिती, आवाज, वास, शेरा. सकाळ-संध्याकाळ मी डिकी उघडून बघायचो आणि नोंद करायचो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला सकाळी उठून कुठं तरी जायचं असल्यासारखं वाटायला लागलं.

शेजारचे मल्लिनाथ सर रोज तपासणीला हजर. भूगोल शिकवून निवृत्त झाले आहेत, त्यामुळं पृथ्वीवरच्या कुठल्याही गोष्टीवर बोलायचा त्यांना अधिकार आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी छपराच्या लोखंडी काडीला लिंबू-मिरची बांधायला लावली. गाडी लाल आहे, सगळ्या गल्लीची नजर जाते, म्हणाले. छप्पर उघडल्यावर ते लिंबू दोन काड्यांच्या मध्ये सापडलं आणि मागच्या सीटवर पिळलं गेलं. मिरच्याही चिरडल्या. कमलनं बाहेर येऊन विचारलं की लोणचं कुणी घातलंय. मी रजिस्टरात वासाच्या रकान्यात 'आंबट' अशी प्रामाणिक नोंद केली.

दुसरा सल्ला जास्त शास्त्रीय होता. "आण्णासाहेब, तेल खुणेपर्यंतच आहे," सर टाकीत डोकावून म्हणाले. "आपल्याकडचं ऊन काय आहे तुम्हाला माहीत आहे. बाष्पीभवन होणार. लग्नापर्यंत खुणेच्या खाली जाणार. थोडं वर असलेलं काय वाईट?"

बाबामियाँना फोन करावा असं एकदा मनात आलं. पण ते काय सांगतील हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, मग फोन कशाला. बजरंगनं दिलेल्या डब्यात त्याच जातीचं तेल होतं. छप्पर बंद असतानाच मी ते टाकीत ओतलं, पार गळ्यापर्यंत. मनाला इतकं समाधान वाटलं की रात्रीचं जेवणही चांगलं गेलं.

मग परवानगी. मिरवणूक काढायची तर एका कार्यालयाचं पत्र लागतं. याही कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथं टेबलावर करिश्मा मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, पण नजर मुरलेली. अर्जात एक रकाना होता: वाहनास छत आहे किंवा नाही.

"आहे," मी म्हणालो.

"मग उघडी गाडी कशी?"

"छत उघडतं."

"उघडल्यावर असतं कुठं?"

"डिकीत."

"म्हणजे तेव्हा वाहनाला छत नसतं."

"असतं, पण वर नसतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी ओळखलं. मी स्वतः असं पेन एकतीस वर्षं खाली ठेवलेलं आहे. "काका, प्रत्यक्ष बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

गाडी आवारात आणली. बजरंग गाडीत, मी बटणावर. मॅडमनी बघितलं. मग त्यांच्या वरच्या साहेबांनी बघितलं. मग चहाची सुट्टी झाली आणि शेजारच्या दोन खोल्यांनी बघितलं. रजेवर असलेले एक गृहस्थ मुद्दाम बघायला आले. असं नऊ वेळा छप्पर उघडलं आणि मिटलं. सातव्या वेळेपासून गरम वास येत होता, पण साहेबांच्या मिसेस बघायच्या राहिल्या होत्या. नवव्या वेळी मिसेसनी टाळी वाजवली, आणि करिश्मा मॅडम वाकून फरशीकडं बघायला लागल्या. डिकीखालून तेलाची एक धार सावकाश नोटीस बोर्डाकडं निघाली होती.

आता कळतं की ती गळती नव्हतीच. छप्पर बंद असताना मी टाकी काठोकाठ भरली होती. छप्पर उघडलं की जॅकमधलं तेल टाकीत परत येतं, आणि जागा नसल्यावर ते बिचारं कुठं जाणार, झाकणातून थोडं थोडं बाहेर. पण तेव्हा ना मला हे सुचलं ना मॅडमना. त्यांनी अर्जावर वळणदार अक्षरात शेरा मारला: सदर वाहनातून तेल गळते. गळती पूर्णपणे बंद केल्याचे हमीपत्र जोडावे.

काय शेरा होता. अपमान झाला तरी कौतुक वाटलं मला. असा शेरा मारायला मला नोकरीत बारा वर्षं लागली होती.

घरी येऊन मी डिकीत डोकं घातलं. गळती म्हटल्यावर ती शोधणं हा माझा हातखंडा. पहिली संशयित जागा टाकीचं झाकण. त्याच्या माथ्यावर सुईच्या टोकाएवढं भोक होतं. विलायती कंपनीच्या नजरेतून ही चूक सुटली म्हणजे कमालच झाली. दुसरी जागा तो बुडाचा पेच. त्याच्याभोवती ओल दिसत होती. नळ गळायला लागला की आपण लावतो तो दोन वड्या मळून करायचा लगदा, एमसील, घरात होताच. झाकणाला वरून सगळीकडून थापला, भोकासकट. पेचाला तर असा लेप दिला की पेच होता हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. वाळल्यावर नखानं वाजवून बघितलं. दगड झाला होता.

हमीपत्र दिलं. तिसऱ्या खेपेला परवानगीचं पत्र मिळालं. त्यातलं शेवटचं कलम मी दोनदा वाचलं: मिरवणुकीदरम्यान सदर वाहनाचे छत पूर्णतः उघडे राहील याची जबाबदारी अर्जदाराची राहील. अर्जदार मी.

लग्नाला अकरा दिवस होते. नऊ वेळा राबलेल्या पंपाला विश्रांती द्यावी असा मी निर्णय घेतला. छप्पर कुणीही उघडायचं नाही. गाडीवर ताडपत्री टाकली. रोजची नोंद मात्र चालू होती: छप्पर बंद, गळती नाही, स्थिती उत्तम. कमलनं एकदा रजिस्टर वाचलं आणि म्हणाली, "बंद असलेल्या गोष्टीची स्थिती उत्तमच असते. तुमच्या पंपांचीही असायची." बाबामियाँचा ढोकीहून फोन आला, "छप्पर चालवताय न्हवं?" मी म्हणालो, "देखभाल चालू आहे." शासकीय उत्तराचं हेच मोठेपण, त्यात खोटं काही नसतं.

लग्नाचा दिवस उजाडला. बेंबळीत आमच्या घरासमोर गाडी फुलांनी सजवून उभी. बँडवाले घाम पुसत तयार. आरोही भगवा फेटा बांधून आणि काळा गॉगल लावून मागच्या सीटवर बसली. तिच्याकडं बघून मला माझीच पोर ओळखू येईना, इतकी ती ऐटदार दिसत होती. बजरंग स्टेअरिंगवर बसून म्हणाला, "दाजी, छप्पर सकाळीच उघडून ठिवायला पायजे होतं." पण मला ते सगळ्यांसमोर उघडायचं होतं. भावकी जमली होती. घोड्यावरून पोरीला उतरवताना जे हसले होते, त्यातले बरेचजण अजून हयात होते आणि पहिल्या रांगेत होते.

मी बँड थांबवला. खिडकीतून हात घालून बटण दाबलं.

डिकी उघडली. छप्पर काचेपासून सुटलं, हळूहळू वर उठलं, बरोबर मध्यावर आलं, उभं राहिलं. आतून पंपाचा आवाज बारीक होत गेला. आणि छप्पर तिथंच थांबलं. पुढंही नाही, मागंही नाही, आभाळाकडं तोंड करून ताठ उभं. डिकीनं आ वासलेला. उभ्या कापडाच्या आड आरोही दिसेनाशी झाली.

हातपंपाला पाणी आलं नाही तर माणूस काय करतो? आणखी हापसतो. मी बटण दाबूनच धरलं. एक करपट वास आला, आणि मग बटणाखालचा दिवाही गेला.

बँडवाल्यांना वाटलं झालं असावं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. गर्दीतून सल्ले यायला लागले. पाणी ओता. डिकीवर दोघं बसा. गाडी ढकलत चालू करा. एक म्हातारे चुलते काठी टेकत पुढं आले, छपराकडं बघून म्हणाले, "हे बरं केलं आण्णा. परण्या बी झाला आन् पोरगी झाकून बी राहिली." पाच-पन्नास माणसं हसली. तेच हसू. मला ते ओळखू आलं.

छपराच्या फटीतून आरोहीचा आवाज आला, "पप्पा, होईल का?"

"होईल," मी म्हणालो. माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता.

बजरंगनं चार धिप्पाड गडी बोलावले आणि त्यांनी छप्पर दाबायला हात वर केले, तेवढ्यात मागून कुणी तरी ओरडलं, "जोर लावू नका. नळ्या फुटतील." बाबामियाँ लग्नाला आले होते. पांढरा शुभ्र नवा सदरा, कानात अत्तराचा फाया, सोबत त्यांच्या बीवी फरिदाबी. ते गर्दीतून वाट काढत डिकीपाशी आले आणि आत वाकले. मग टाकीवरच्या लेपावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय लावलंय?"

"एमसील," मी म्हणालो.

"कुणी लावलं?"

बँड नेमका तेव्हाच थांबला. या प्रश्नाला माझ्याकडं एकतीस वर्षांचं तयार उत्तर आहे: सदर काम माझ्या कार्यकाळातील नसून संबंधितांकडून खुलासा मागविण्यात येत आहे. ते तोंडात आलंही होतं. पण आरोहीनं छपराच्या कडेनं मान बाहेर काढली होती. गॉगल नाकावर घसरला होता आणि ती माझ्याकडं बघत होती.

"मी लावलं," मी म्हणालो. "झाकणालाही, आणि त्या पेचालाही. तुम्ही काही करू नका म्हणाला होता, तरी केलं. तेलही मीच जास्त भरलं. चूक माझी आहे."

बोलून झाल्यावर मला जरा हलकं वाटलं. इतकं सोपं उत्तर मी इतकी वर्षं का टाळत होतो कोण जाणे.

बाबामियाँ रागावले नाहीत, याचंच वाईट वाटलं. "आण्णा, टाकीला वारा घ्यायला-सोडायला ते भोक असतंय. छप्पर उघडताना जॅकचं तेल टाकीत परत येतंय, तसा वारा भाईर जातो. तुम्ही तिचं नाक-तोंड बांधलं. तेल आत शिरणार कुठनं?" मग त्यांनी बाह्या वर सारल्या. फरिदाबींनी त्यांचा हात धरला. "तुमी सांगा नुस्तं. हात त्यांचे चालू द्या. नवा सदरा है."

न्याय होता तो. मी माझा रेशमी झब्बा सावरत डिकीत घुसलो. बजरंगनं मांडवाचे खुंटे ठोकायचा हातोडा आणि एक छिन्नी दिली. बाबामियाँ मोबाइलचा उजेड धरून बाहेरून सांगत होते. एमसील चांगलं लागलं होतं, हे मला या ठिकाणी नमूद करावंसं वाटतं. एकतीस वर्षांत माझ्या हातून इतकं पक्कं काम झालेलं नव्हतं. वीस मिनिटं मी ते फोडत होतो. मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि भटजी दर पाच मिनिटांनी निरोप धाडत होते. शेवटी झाकण मोकळं झालं, पेचाचं डोकं दिसलं.

"अर्धा फेरा," बाबामियाँ म्हणाले.

अर्ध्यानं काय होणार, म्हणून मी खात्रीसाठी दोन दिले. तेल थेट छातीवर आलं. रेशमी झब्बा गळ्यापासून बेंबीपर्यंत भिजला. पण दाब उतरला. बजरंग एकीकडून, बाबामियाँ दुसरीकडून, त्यांनी छप्पर हळूच मागं घेतलं, आणि ते एकदाचं डिकीत जाऊन पडलं. घडी नीट झाली नव्हती, डिकीचं झाकण लागत नव्हतं, एक बाजू वर फुगलेली होती. पण आरोहीच्या डोक्यावर आता आभाळ होतं.

मी मात्र पत्रातलं कलम विसरलो नव्हतो. छत पूर्णतः उघडे राहील याची जबाबदारी अर्जदाराची. हे मध्येच उसळून वर आलं तर? मी दोन्ही हात त्या फुगलेल्या घडीवर ठेवले आणि दाबून धरलं. "चल बजरंग," मी म्हणालो. "सावकाश."

परण्या निघाला. आरोही सीटवर उभी राहिली. मी मागं वाकून, हात डिकीत, गाडीच्या चालीनं चालतोय. मला पुढचं काही दिसत नव्हतं. दिसत होती तिची पाठ, आणि फेट्याचा शेमला, जो वाऱ्यानं माझ्या नाकावर येत होता. बायका ओट्यांवर आल्या होत्या. वरून फुलं पडत होती, काही तिच्यावर, बरीच माझ्या तेलकट पाठीला चिकटत होती. एक चिमुरडी आईला विचारत होती की मोठेपणी मलापण गाडी मिळंल का. मल्लिनाथ सर शेजारून चालत होते. "बोटं पसरा, आण्णासाहेब. दाब सगळीकडं सारखा वाटला जाईल." मी पसरली. नाकाला खाज सुटली होती, कंबर मोडायला आली होती, समोरून बँडचा मोठा ढोल आणि मागून कमलचं बोलणं एकाच वेळी कानात जात होतं. तरी सांगतो, मला लई बरं वाटत होतं. घोड्याच्या दिवशीचं जे आत कुठं तरी अडकून पडलं होतं, ते चालता चालता सुटत गेलं. डोळेही गळत होते. हात रिकामे नव्हते, त्यामुळं पुसायचा प्रश्न नव्हता.

आमच्या घरापासून मारुतीपर्यंत अर्धा किलोमीटर. म्हातारे चुलते देवळापाशी आधीच येऊन थांबले होते. आरोही जवळ आल्यावर त्यांनी काठी बगलेत धरली आणि दोन्ही हात जोडले. देवाला का तिला, ते मी विचारलं नाही.

गाडी थांबली. आरोही उतरून मागं आली. "पप्पा, हात सोडा आता."

"वर येईल ते."

"नाही येत."

मी एकेक बोट सोडलं. छप्पर जागचं हललं नाही. मी बाबामियाँकडं बघितलं. ते मिशीतल्या मिशीत हसत होते.

"पेच ढिला केल्यावर दाबच राहत न्हाय, आण्णा. ते पडलं ते पडलं. धरायची गरजच न्हवती."

"मग अर्धा किलोमीटर मला सांगितलं का नाही?"

"सांगायलाच पुढं आलतो. तुमच्या पोरीनं मान हालवली. म्हणाली, चाचा, राहू द्या."

मी आरोहीकडं वळलो. तिनं गॉगल काढला होता. "मला चालत्या गाडीत उभं राहायची भीती वाटत होती, पप्पा," ती म्हणाली. "एवढे लोक बघत होते. तुम्ही मागं आहात म्हणून उभी राहिले." आणि माझ्या त्या तेलकट हाताला धरून ती देवळात गेली. तिच्या शालूला डाग पडला, पण त्या दिवशी त्याबद्दल मला कुणी बोललं नाही. कमल दुसऱ्या दिवशी बोलली.

गाडी बजरंग परत घेऊन गेला. ढोकीला बाबामियाँच्या शेडमध्ये ती महिनाभर उभी होती आणि आता छप्पर उत्तम चालतं म्हणे. मला तिच्यापाशी जायची मनाई आहे. रजिस्टर मात्र मी जपून ठेवलंय.

लग्नाचा एकच फोटो आम्ही मोठा करून समोरच्या खोलीत लावला. त्यात आरोही फेटा बांधून उभी आहे, मान वर, चेहरा हसरा. तिच्या मागं, गाडीच्या कडेला, दोन तेलकट हात दिसतात, बोटं पसरलेली. बाकीचा मी फुगलेल्या घडीआड गेलोय. घरी येणारं नवं माणूस विचारतंच, हे हात कुणाचे म्हणून.

मी सांगतो, देखभाल विभागाचे.